विंचुका पाळणारी कासिल्दा

मिस्तोल पोसो या वस्तीत माणसं दोन तऱ्हांनी मरत. एक आजारपणाचं मरण. त्याला वेळ लागे, शेजारपाजार भेटून जाई, पाद्री कपाळाला तेल लावून जाई. दुसरं उभ्याउभ्याचं. धडधाकट माणूस शेळ्या वळता वळता नाहीतर कुऱ्हाड उगारता उगारता खाली बसे आणि उठतच नसे. मग लोक टोप्या काढून म्हणत, "वेळ झाली होती बिचाऱ्याची," आणि पेटी करायला सुताराकडे निरोप धाडत. सान्तियागो प्रांताच्या त्या कोरड्या रानातल्या सगळ्याच वस्त्यांत हे असं चालायचं, म्हणून 'का' असं कोणी विचारत नसे.

कासिल्दा लेदेस्माचा बाप असाच गेला. ती तेव्हा बारा वर्षांची होती. बाप विहिरीवर पाणी ओढत होता आणि ती डबा धरून शेजारी उभी होती. दोर त्याच्या हातातून सुटला, बादली विहिरीच्या भिंतीवर आपटत खाली गेली, आणि बाप काठाला हात लावून हळूच टेकला, दमल्यावर बसावं तसा. कासिल्दाला वाटलं, बादली गेली म्हणून वैतागलाय. तिनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारायला ती घाबरली.

पुढे ती मोठी झाली, तिचं लग्न झालं. नवरा ऊसतोडीला तुकुमानला गेला तो तिकडचाच झाला. कासिल्दानं त्याच्या नावानं रडण्यात फार वेळ घालवला नाही. तिनं कोंबड्या वाढवल्या. तिचा हात कोंबड्यांना असा मानवला की आसपासच्या चार वस्त्यांतल्या बायका आजारी कोंबडी काखेत मारून तिच्याकडे यायच्या. "हिला काय झालंय बघ गं," म्हटलं की कासिल्दा पिसं उलटी करून, चोच उघडून बघायची आणि सांगायची. बहुतेक वेळा बरोबरच सांगायची.

तिचा धाकटा भाऊ फ्रोइलान लाकूडतोड्या होता. केब्राचोचं लाकूड म्हणजे लोखंडच, ते तोडणारा माणूसही तसाच लागतो. १९८६ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, या फ्रोइलानला झोकांड्या जायला लागल्या.

"न पिता झिंगतोस, गड्या! आम्हालाही शिकव की, केवढा खर्च वाचेल," दोस्त म्हणायचे.

फ्रोइलानही हसायचा. पण एका रविवारी चर्चमधून बाहेर पडताना तो पायरीवरच कोसळला. त्याची बायको बेनिता किंचाळली. कासिल्दानं त्याचं मनगट धरलं. एक ठोका लागला. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की तिला बापाची विहीर आठवली. मग, कुठून तरी खोल तळातून यावा तसा, दुसरा ठोका आला.

पाववाल्याच्या ट्रकमध्ये पिठाच्या पोत्यांवर निजवून त्यांनी त्याला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे हृदयाचं बघणारी डॉक्टर होती नेलिदा इतुराल्दे. उंच, काटकुळी, राजधानीत वाढलेली. सिगारेट ओढून ओढून आवाज घोगरा झालेला. तिनं फ्रोइलानला तारा लावल्या आणि कागदाची पट्टी बाहेर आली. "मिनिटाला अठ्ठावीस ठोके," ती म्हणाली. "हा माणूस ट्रकमधून आला? स्वतःच्या पायानं उतरला?"

"उतरला की," कासिल्दा म्हणाली. "वर पाववाल्याचे आभारही मानले त्यानं."

पेसमेकर बसवायचं ठरलं. बेनिता बाहेर बाकावर जपमाळ घेऊन बसली. कासिल्दा मात्र दारातून हलेना, तेव्हा इतुराल्देबाईंनी तिला पडद्याकडे बघता येईल असं उभं केलं. पडद्यावर हिरवी रेघ सरळ चालली होती, चालली होती, आणि मध्येच एक टेकाड यायचं. तार आत पोचली, कोणी तरी बटण फिरवलं, आणि त्या रेघेवर बारीक उभे काटे उमटू लागले. प्रत्येक काट्यामागे लगेच एक टेकाड. काटा, टेकाड. काटा, टेकाड. फ्रोइलानच्या राखाडी पडलेल्या ओठांवर हळूहळू रंग चढला.

"ठोके आता मशीन देतंय का?" कासिल्दानं कुजबुजत विचारलं.

"नाही. तो बारीक काटा आहे ना, ती मशीनची हाक. उठायचं काम तुमच्या भावाचं हृदयच करतंय. त्याला हाक ऐकू यायची बंद झाली होती, एवढंच."

"कशानं?"

"चागासनं. विंचुकांनी दिलेला आजार."

कासिल्दाला वाटलं, बाई थट्टा करतेय. विंचुका म्हणजे मातीच्या भिंतींच्या भेगांतून आणि गवताच्या छपरातून उतरून झोपलेल्या माणसाचं रक्त पिणारा, ढेकणाच्या जातीचा काळा किडा. "त्या तर आम्हा सगळ्यांनाच चावतात," ती म्हणाली.

"तेच तर."

"माझा बाप विहिरीवर..." आणि कासिल्दानं तेहेतीस वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं.

"मी त्यांना तपासलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यामुळे खात्रीनं नाही सांगू शकत. पण मला तसंच वाटतंय."

माहीत नसलं की 'माहीत नाही' म्हणणारा डॉक्टर कासिल्दानं त्याआधी पाहिला नव्हता.

फ्रोइलान अकरा दिवस इस्पितळात होता. नवव्या दिवशी कासिल्दा पाय मोकळे करायला बोळातून चालत गेली आणि शेवटच्या खोलीपाशी थबकली. आतून आंबूस, उग्र वास येत होता. तो वास तिनं जन्मभर घेतला होता. तिनं दार ढकललं. फळीवर काचेच्या बरण्या, बरण्यांवर जाळीचं कापड, आणि आत विंचुका. एक तर बाहेर फळीवरच चालत होती. कासिल्दानं पायातली चप्पल काढली आणि हाणली.

"अहो बाई!" कोपऱ्यातून एक टकला माणूस ओरडत आला. "मारता काय! सरकारी आहेत त्या!"

त्याचं नाव एवारिस्तो. प्रयोगशाळेचा मदतनीस. कासिल्दानं त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाऊ तिकडे छातीत तार घालून पडलाय, आणि इकडे सरकारी पैशानं विंचुका पोसताय? आवाज ऐकून इतुराल्देबाई आल्या. तोवर मात्र कासिल्दाचा सूर बदलला होता. ती एक बरणी उजेडाकडे धरून बघत होती.

"निम्म्या मेल्यात की," ती म्हणाली. "मरतीलच. उघड्या काचेत ठेवल्यात. यांना शिरायला कागदाची घडी लागते, अंधार लागतो, पोटापाठीला टेकायला काही तरी लागतं. आणि तळ ओला आहे. ओलीत कोंबडीचं पिल्लू जगत नाही, ही कशी जगेल?"

एवारिस्तो म्हणाला, "हे घ्या. आता कोंबडीवाली आपल्याला शिकवणार."

"शिकवू दे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तीन वर्षं तू शिकतोयस, आणि बरण्या बघ."

मग त्यांनी कासिल्दाला बसवून सांगितलं, विंचुका का पाळायच्या ते. आजार चावण्यानं होत नाही. विंचुका रक्त पिते आणि तिथेच घाण करते. त्या घाणीत डोळ्यांना न दिसणारा जीव असतो, तो खाजवलेल्या कातडीतून आत शिरतो. आत शिरला की वीसवीस, तीसतीस वर्षं हृदयात घर करून राहतो. रक्तात तो इतका विरळ फिरतो की सुईनं रक्त काढून सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली धरलं तरी सापडत नाही. मग शोधायचा कसा? ज्यांना कधीच लागण झालेली नाही अशा, अंड्यापासून पाळलेल्या चाळीस उपाशी विंचुका माणसाच्या हातावर सोडायच्या. त्या पोटभर पितात. त्यांतल्या एकीच्या जरी पोटात तो एक जीव गेला, तरी महिन्याभरात एकाचे हजारो होतात. मग विंचुकेची घाण दुर्बिणीखाली बघायची.

"आणि पाळताना यांना खायला काय घालता?"

"कोंबडीचं रक्त. कोंबडीच्या रक्तात तो जीव जगत नाही. लगेच मरतो. म्हणून कोंबडीवर वाढलेली विंचुका स्वच्छ राहते."

कासिल्दानं बरणीतल्या विंचुकांकडे परत एकदा पाहिलं. "म्हणजे," ती म्हणाली, "माझ्या कोंबडीला जे येतं ते आपल्याला येत नाही?"

"नाही."

"तुम्हा डॉक्टर लोकांनाही?"

"अजून तरी नाही. म्हणून तर हा खटाटोप."

त्या दिवशी डॉक्टरबाईंनी तिला दुर्बिणीतून बघू दिलं. आधी नुसता पिवळट उजेड दिसला. मग त्या उजेडात काही तरी हललं. पाण्यावर उन्हाची तिरीप थरथरते तसं एक बारीक, लवलवतं, घाईत असलेलं काही. ते स्वतःभोवती गिरकी घेत पुढे सरकलं, दुसऱ्याला थटलं, आणि दोघंही उजेडाबाहेर गेली. कासिल्दा डोळा लावून तशीच बसून राहिली. बापाला मारणाऱ्याचा राग यायला हवा होता. राग आला नाही. एवढंसं, इतकं नाजूक, आणि त्यानं कुऱ्हाड पेलणारी माणसं उभीच्या उभी खाली बसवली! तिला राग न आल्याची मनातून लाजही वाटली, आणि तरी डोळा काढवेना.

फ्रोइलान बरा होऊन घरी गेला. कासिल्दा पंधरा दिवसांनी परत आली, डॉक्टरबाईंनी देऊ केलेल्या कामावर, सहा कोंबड्या आणि एक ट्रंक घेऊन.

तिनं जाड कागदाच्या चुण्या घालून बरण्यांत उभ्या केल्या. तळाला कोरडी वाळू घातली. प्रत्येक बरणीवर अंडी फुटल्याची तारीख लिहिली. दर गुरुवारी कोंबडीच्या छातीची पिसं बाजूला करून बरणी उलटी टेकवायची, आणि कोंबडी शांत राहावी म्हणून तिच्याशी बोलत बसायची. विंचुकांची पांढरी अंडी फुटायला आली की गुलाबी होत. त्यातून निघणारी पिल्लं कापसाच्या बीएवढी, रक्त प्यायली की मनुक्यासारखी टम्म. वर्षभरात चार बरण्यांच्या साठ झाल्या. एवारिस्तोनं हार मानली आणि तिला 'दोन्या कासिल्दा', म्हणजे कासिल्दाबाई, म्हणायला लागला. पाठीमागे मात्र 'विंचुकांची आई' म्हणायचा. तिला ते ठाऊक होतं.

१९८९ साली खरं काम सुरू झालं. चागासवर एक गोळी होती. ताज्या आजारात ती लागू पडते हे कळलेलं होतं. पण वर्षानुवर्षं आजार अंगात मुरलेल्या, आणि तरी वरून ठणठणीत दिसणाऱ्या शाळकरी पोरांना तिचा उपयोग होतो का, हे कोणालाच माहीत नव्हतं. झाला, तर त्यांची हृदयं पुढे फ्रोइलानच्या वाटेनं जायची थांबतील. वस्त्यांतली एकशेबारा पोरं निवडली. निम्म्यांना साठ दिवस खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी साखरेची. कोणाला कुठली, ते राजधानीतल्या एका कुलुपबंद कपाटात लिहिलेलं. पोरांना माहीत नाही, आईबापांना नाही, डॉक्टरबाईंनाही नाही. पुढची चार वर्षं दर सहा महिन्यांनी पोरांच्या हृदयाची पट्टी काढायची आणि कासिल्दाच्या विंचुका त्यांच्या हातावर लावायच्या.

आधी डॉक्टरबाई वस्तीवस्तीत जाऊन आईबापांना बसवून हे सगळं सांगत. साखरेची गोष्टही लपवत नसत. फ्रोइलानची मुलगी सुल्मा दहा वर्षांची होती. तिचं रक्त तपासलं तेव्हा आजाराच्या खुणा निघाल्या होत्या; त्या खुणा जीव मेला तरी रक्तात वर्षानुवर्षं राहतात. बेनितानं सगळं ऐकून घेतलं, कागदावर सही केली, आणि बाहेर येऊन कासिल्दाचा हात धरला.

"खरी गोळी मिळेल ना गं आपल्या पोरीला? तू आतली आहेस."

"मला काही माहीत नसतं, बेनिता."

"माहीत करून घे."

शाळेच्या पटांगणात जीप थांबली की पोरं धावत यायची. कासिल्दा एकेकाच्या हाताला चार लाकडी डब्या रबरानं बांधायची. डबीच्या तोंडाला जाळी, आत दहा उपाशी विंचुका. अर्धा तास बसायचं. चावलेलं कळतही नाही, गुदगुल्या होतात फक्त. "माझ्यावाल्या जास्त प्यायल्या!" अशी भांडणं लागायची. सुल्मा मोठ्या ऐटीत इतरांना सांगायची, "माझ्या आत्याच्या आहेत." मग नर्स डब्यांवर आकडा चिकटवायची आणि वही स्वतःकडे ठेवायची. कासिल्दाच्या खोलीत पोचायचे ते नुसते आकडे. महिन्यानं आणि परत दोन महिन्यांनी ती एकेका विंचुकेचं पोट चिमट्यानं हलकेच दाबायची, थेंब काचेवर घ्यायची आणि बघायची. मग आकड्यापुढे लिहायची: 'स्वच्छ', किंवा 'आहे'.

दुसऱ्या वर्षी एक गोष्ट घडली. सतरा नंबरच्या बरणीत कासिल्दाला बाकीच्या पिल्लांपेक्षा मोठी, गडद पाठीची एक विंचुका दिसली. तिनं तारीख पाहिली. एवढी मोठी त्यात असणं शक्यच नव्हतं. मग जाळीच्या कडेला तिला करंगळी जाईल एवढी फट सापडली. बाहेरची, छपरातली, पोटात आजार असू शकेल अशी कोणी तरी आत शिरली होती. आणि त्याच बरणीतल्या विंचुका आठवड्यापूर्वी दोन पोरांच्या हातांवर लावून झाल्या होत्या.

"चिरडून टाका आणि गप्प बसा, दोन्या," एवारिस्तो हळूच म्हणाला. "एकशेबारातली दोन पोरं. कोणाला कळणार आहे?"

कासिल्दा बरणी दोन्ही हातांत धरून डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. तिला वाटलं होतं आरडाओरडा होईल. डॉक्टरबाईंनी सिगारेट विझवली, कागद ओढला आणि काय झालं ते ओळ न् ओळ लिहून काढलं, तारीख घातली, सही केली. मग म्हणाल्या, "आता बरणीतली एकूण एक तपासा."

कासिल्दानं दोन दिवस मान वर केली नाही. ती उपरी विंचुका आणि तिच्या सोबतच्या सगळ्या, एकूण एक स्वच्छ निघाल्या.

"मग आता दोन्ही पोरांचे आकडे धरायला हरकत नाही?"

"ते आकडे बाद. दोघांना नव्यानं डब्या लावायच्या."

"पण स्वच्छ निघाल्या ना सगळ्या!"

"या वेळी निघाल्या. ज्या दिवशी आपण आपल्याला सोयीचं तेवढंच धरायला लागू, दोन्या कासिल्दा, त्या दिवशी तुमच्या त्या सगळ्या बरण्या फोडून टाकलेल्या बऱ्या."

कासिल्दा स्वतः जीपमधून त्या दोन घरी गेली. एका आईनं ऐकून घेतलं आणि तिच्यासमोर मातेचा कडू चहा ठेवला. दुसरीनं तिला शिव्या घातल्या, आणि मग पोराला हाक मारली. तेव्हापासून प्रत्येक बरणीवर दुहेरी जाळी बसली.

१९९३ च्या मे महिन्यात राजधानीतून एक माणूस दोन लिफाफे घेऊन आला. सगळे खोलीत जमले. "दोन्या कासिल्दा पाहिजेत," इतुराल्देबाई म्हणाल्या, म्हणून तिला अ‍ॅप्रनसकट बोलावून आणलं. पहिल्या लिफाफ्यात फक्त आकडे, आणि प्रत्येक आकड्यापुढे एक अक्षर, अ किंवा ब. अ म्हणजे काय आणि ब म्हणजे काय, ते दुसऱ्या लिफाफ्यात.

एवारिस्तोनं फळ्यावर दोन रकाने आखले. डॉक्टरबाई आकडा आणि अक्षर वाचत. कासिल्दा आपल्या वहीत बोट फिरवून शेवटच्या वर्षाची नोंद सांगे. "स्वच्छ." "स्वच्छ." "आहे." 'आहे' आलं की एवारिस्तो त्या रकान्यात एक रेघ ओढायचा.

पहिल्या पंधरावीस आकड्यांपर्यंत काही कळत नव्हतं. तिसापुढे एवारिस्तोचा खडू एकाच रकान्याकडे जाऊ लागला. पन्नासाला डॉक्टरबाईंचा आवाज जरा दबला. कासिल्दा वहीकडे बघून बोलत होती, पण डोळ्यांच्या कडेनं तिला फळा दिसत होता. अ खाली रेघांची रांग लागली होती, कुंपणाच्या काठ्यांसारखी. ब जवळजवळ रिकामा होता. चार वर्षं तिनं एकेक विंचुका चिमट्यानं उचलली होती, एकेक थेंब पाहिला होता, आणि तिला वाटत होतं की आपल्या वहीत नुसतं उलटसुलट लिहिलेलं आहे. त्या गोंधळाच्या आत हे सगळा वेळ उभं होतं! तिच्या स्वतःच्या अक्षरात, तिच्या हाताखाली, आणि तिला दिसलं नव्हतं.

अ मध्ये एकोणतीस. ब मध्ये तीन.

डॉक्टरबाईंनी दुसरा लिफाफा फोडला. "ब," त्या म्हणाल्या, आणि त्यांना परत सुरुवात करावी लागली. "ब म्हणजे गोळी."

एवारिस्तोनं खडू खाली ठेवला आणि छातीवर क्रुसाची खूण केली. कासिल्दा स्टुलावर बसली. तिला चर्चमध्येही कधी असं वाटलं नव्हतं. उगाच कोणी मोठ्यानं बोलेल अशी तिला भीती वाटली.

साखर मिळालेल्या सगळ्या पोरांना त्याच महिन्यात खऱ्या गोळ्या द्यायच्या असं ठरलं. घरोघरी सांगायला डॉक्टरबाई स्वतः गेल्या. सुल्माला साखर मिळाली होती.

बेनिता अंगणात उभी राहून कासिल्दाला म्हणाली, "चार वर्षं! चार वर्षं माझ्या पोरीला साखर चारलीत, आणि तू तिच्या हाताला डब्या बांधत होतीस!"

"मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर?"

कासिल्दानं खूप विचार केला. "तर मी चोरून बदलली असती," ती म्हणाली. "म्हणूनच मला सांगितलं नव्हतं. बेनिता, साखरवाली पोरं नसती तर फळ्यावर एकच रकाना राहिला असता. त्यातून काय कळलं असतं?"

"तुझा फळा तुझ्याजवळ ठेव."

बेनिता वर्षभर तिच्याशी बोलली नाही, आणि कासिल्दाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. सुल्मानं गोळ्या घेतल्या. अंगभर पुरळ उठलं, खाजून खाजून हैराण झाली, पण साठ दिवस तिनं पुरे केले. दोन वर्षांनी तिच्या हातावर प्यायलेल्या विंचुका स्वच्छ निघाल्या. तेव्हा तिनं स्वतः हट्टानं दुर्बिणीत पाहिलं. "काहीच नाहीये, आत्या," ती म्हणाली. कासिल्दा म्हणाली, "हो ना!" आणि दोघी हसायलाच लागल्या.

हे सगळं होईतो कासिल्दा स्वतः पन्नाशी ओलांडून गेली होती. आजार तिच्याही रक्तात होता. त्या वस्तीत तिच्या वयाच्या कोणाच्या नव्हता? "मोठ्या माणसांना गोळीनं फायदा होतो का?" तिनं विचारलं. "माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. पुढे दहा वर्षांनी तेही शोधायचं ठरलं, तेव्हा कासिल्दानं पहिल्याच दिवशी नाव घातलं. ज्यांच्या पट्टीत आधीच बिघाड दिसू लागलाय अशी माणसं हवी होती. तिच्या पट्टीत तो होता. तिनं साठ दिवस गोळ्या खाल्ल्या, खरी की साखर ते न जाणता, आणि कधी विचारलं नाही.

२०१० साली उत्तर आलं. डॉक्टरबाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, पण ते सांगायला त्या मुद्दाम आल्या. मोठ्यांचं रक्त गोळीनं साफ झालं होतं. हृदयं मात्र साखरवाल्यांची आणि गोळीवाल्यांची सारखीच बिघडत गेली होती.

"उशीर झाला असणार," कासिल्दा म्हणाली.

"असेल. तेही नक्की नाही." डॉक्टरबाई थकलेल्या दिसत होत्या. "तुम्हाला खरी गोळी होती. मला वाटलं होतं, निदान तुमच्यासाठी तरी..."

"असू दे हो. आता निदान माहीत तरी झालं. पोरांना लवकर द्यायला हवी हे तर आणखीच पक्कं झालं की नाही?"

त्या अभ्यासात दरवर्षी एकदा छातीला तारा लावून चोवीस तासांची पट्टी काढत. शेवटच्या वर्षीची कासिल्दाची पट्टी डॉक्टरबाईंनी टेबलावर उलगडली. एका दिवसात शहाण्णव हजार ठोके. कासिल्दानं तो आकडा दोनदा विचारून घेतला. तिनं आयुष्यभर अंडी मोजली, विंचुका मोजल्या. आणि हे शहाण्णव हजार रोज तिच्या आत कोणी तरी न चुकता देत होतं, आणि तिनं एकही दिला नव्हता.

"हे बघा," डॉक्टरबाईंनी बोट ठेवलं. संध्याकाळी चार वाजून वीस मिनिटं. टेकाड, टेकाड, आणि मग सपाट रेघ. तीन सेकंद. मग एक वेगळंच, रुंद, बेढब टेकाड. आणि मग पुन्हा नेहमीची.

"तेव्हा काय करत होतात?"

कासिल्दानं आठवून पाहिलं. "कपडे काढत होते दोरीवरचे. मला तर काहीच कळलं नाही."

"थांबलं होतं."

"मग परत कोणी सुरू केलं?"

"त्यानंच. वरून हाक येईना, तेव्हा खालच्या एका जागेनं स्वतःहून ठोका दिला. एरवी ती जागा गप्प असते. वरचा गप्प झाला की ती उठते."

"आणि तिला कोण सांगतं, आता ऊठ म्हणून?"

"कोणीच नाही." घोगऱ्या आवाजात डॉक्टरबाई हसल्या. "चाळीस वर्षं मी हे बघतेय. अजूनही मला थांबून बघावंसं वाटतं."

दोघी म्हाताऱ्या त्या बेढब टेकाडावर वाकून बराच वेळ बसल्या.

पुढल्या वर्षी कासिल्दालाही पेसमेकर बसला. फ्रोइलाननं तोवर तीनदा बदलून घेतला होता, त्यामुळे तो तिला अनुभवी माणसाच्या तोऱ्यात सल्ले देत असे. रक्तातला जीव शोधायची नवी तपासणी आली, विंचुकांची गरज संपली, आणि २०१२ मध्ये कासिल्दानं आपल्या हातानं बरण्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या, त्या थंडीत निजल्यासारख्या मराव्यात म्हणून. कोंबड्या ती घरी घेऊन गेली.

पण डॉक्टरबाईंनी ती पट्टी दाखवली त्या दिवशी, इस्पितळातून निघाल्यावर, ती बसथांब्यावर उन्हात उभी राहिली आणि दोन बोटं मनगटावर ठेवून मोजू लागली. बस आली, कंडक्टरनं विचारलं, "चढताय ना, दोन्या?" तिनं मोजणं तुटू नये म्हणून नुसती मानेनं 'नाही' केली. बस गेली. दुसरीही गेली. बाकावरच्या बाईला वाटलं म्हातारीला काही तरी होतंय, तिनं उठून विचारलं, "पाणी देऊ का?"

"नको गं," कासिल्दा म्हणाली. "ऐकतेय जरा."